त्राब्झोनला जाताना: काळ्या समुद्राकाठच्या एका फुटबॉल क्लबच्या गावी

फुटबॉलसाठी तुर्कीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक जण इस्तंबूलच्या पुढे सरकत नाहीत. गालातासाराय, फेनरबाहचे आणि बेशिक्ताश हे तिन्ही बडे क्लब तिथेच आहेत, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण हाताशी थोडे जास्तीचे दिवस असतील, तर काळ्या समुद्राच्या काठी त्राब्झोनला जरूर जा. तुर्कीची राष्ट्रीय लीग १९५९ साली सुरू झाली आणि पुढची सतरा वर्षं तिचं विजेतेपद इस्तंबूलबाहेर एकदाही गेलं नाही. १९७६ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर नेलं त्राब्झोनस्पोरने. ते कसं घडलं हे त्या गावात फिरल्यावर जितकं उमगतं, तितकं आकडे वाचून उमगत नाही.

आधी जाण्याचं बघू. मुंबईहून इस्तंबूल आणि तिथून देशांतर्गत विमानाने दोन तासांच्या आत त्राब्झोन. विमानतळ समुद्राला खेटून, शहराच्या पूर्वेला आहे. दिवसाउजेडी पोचणारं विमान पकडता आलं तर उतरताना एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला थेट वर चढत गेलेले हिरवे डोंगर दिसतात. कोकणातल्या माणसाला हे गाव परकं वाटणार नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल, तर तुर्कीचा ई-व्हिसा मिळू शकतो. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

राहायला मेयदान, म्हणजे मधला मोठा चौक, सगळ्यात सोयीचा. तिथून उझुन सोकाक या लांबलचक बाजारपेठेच्या गल्लीत चालतच जाता येतं, आणि डोलमुश म्हणजे शेअर मिनीबसही जवळच मिळतात. डोलमुशसाठी सुट्टे लिरा खिशात ठेवा. पाऊस इथे कोणत्याही महिन्यात येतो, म्हणून छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं. स्टेडियममध्ये छत्रीची अडचणच होते.

गावात पाऊल ठेवल्यावर डोळ्यांत भरतो तो मरून आणि निळा रंग. दुकानांच्या फळ्यांवर, बाल्कन्यांत, बेकरीच्या काचेवर, सगळीकडे. या रंगांमागे गोष्ट आहे. साठच्या दशकात शहरात इदमानओजाआ आणि इदमानग्युजू या दोन क्लबांचं हाडवैर होतं. पहिल्याचे रंग पिवळा-लाल, दुसऱ्याचे हिरवा-पांढरा. प्रत्येक शहराचा एक तगडा संघ राष्ट्रीय लीगमध्ये उतरावा म्हणून विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली, पण कोणी मागे हटायला तयार नव्हतं. बऱ्याच ताणाताणीनंतर २ ऑगस्ट १९६७ रोजी या दोघांसह काराडेनिझग्युजू आणि मार्तीस्पोर यांना एकत्र करून त्राब्झोनस्पोर उभा राहिला. रंग निवडले ते दोन्ही वैऱ्यांपैकी कोणाचेच नव्हते. मला या क्लबच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुढचं सगळं यश त्या एका तडजोडीवर उभं आहे.

हा इतिहास जिथे घडला ते हुसेयीन आव्नी आकेर मैदान आता उरलेलं नाही. १९५१ मध्ये सुरू झालेलं ते मैदान वस्तीच्या मधोमध होतं. नवं स्टेडियम झाल्यावर ते पाडलं आणि त्या जागी सार्वजनिक बाग केली. तरी तिथे एक चक्कर मारा. आजूबाजूच्या इमारती इतक्या जवळ आहेत, की सामन्याचा आवाज घराघरांत कसा शिरत असेल याची कल्पना येते. बाग चांगली ठेवली आहे, मुलं खेळतात, पण एखादा गोलखांब किंवा प्रेक्षकांच्या पायऱ्यांचा मोठा तुकडा तरी राखायला हवा होता असं मला राहून राहून वाटलं.

याच मैदानावर १९७४ मध्ये पहिल्या श्रेणीत चढलेल्या संघाने आपल्या दुसऱ्याच हंगामात, १९७५-७६ ला, लीग जिंकली. प्रशिक्षक अहमेत सुआत ओझ्याझीजी त्राब्झोनचेच. खेळाडूही बहुतेक शहरातले नाहीतर आसपासच्या गावांतले. गोलरक्षक शेनोल गुनेश, बचावात जेमिल उस्ता, पुढे अली केमाल देनिझजी आणि नेजमी पेरेक्ली. पैसा इस्तंबूलकडे होता, पण हे सगळे लहानपणापासून एकमेकांसमोर किंवा एकमेकांबरोबर खेळलेले होते. त्यांनी बचाव असा बांधला की गोल खाणं जवळजवळ बंद झालं, आणि पुढे एक गोलही पुरेसा ठरू लागला. १९७६, १९७७, १९७९, १९८०, १९८१ आणि १९८४ अशी सहा विजेतेपदं आली. त्यांतली चार ओझ्याझीजींच्या हाताखाली आणि दोन ओझकान सुमेर यांच्या. सुमेरही गावचेच.

ऑक्टोबर १९७६ मध्ये युरोपियन कपसाठी, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगसाठी, लिव्हरपूल इथे आला आणि एका गोलने हरून गेला. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलने तीन गोल करून हिशेब चुकता केला, आणि त्याच हंगामात कपही जिंकला. बोझतेपेवर, म्हणजे शहरावर उभ्या असलेल्या टेकडीवर, चहा पिताना शेजारच्या टेबलावर एक वयस्कर काका होते. मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने आमचं बोलणं चाललं होतं. परतीच्या सामन्याबद्दल ते काही बोलले नाहीत. इथला सामना मात्र जेमिलच्या पेनल्टीसकट हाताने टेबलावर आखून दाखवला. बोझतेपेला संध्याकाळी जा. समोवारातला चहा टेबलावर आणून ठेवतात आणि खाली अख्खं शहर, बंदर आणि विमानतळाची धावपट्टी दिसते. चढ खडा आहे, वर जाताना वाहन घ्या आणि उतरताना चाला.

१९८४ नंतर लांबलचक उपास सुरू झाला. १९९६ च्या मे महिन्यात संघ लीगमध्ये पुढे होता. हंगाम संपत आला असताना घरच्या मैदानावर फेनरबाहचेकडून २-१ ने हरला, आणि विजेतेपद गेलं. २०१०-११ मध्ये दोघांचेही ८२ गुण झाले आणि आपसातल्या दोन सामन्यांच्या गोलफरकावर फेनरबाहचे विजेता ठरला. दोन्ही वेळा त्राब्झोनच्या बाकावर प्रशिक्षक होते शेनोल गुनेश. खेळाडू म्हणून सहाही विजेतेपदांत असलेला आणि २००२ च्या विश्वचषकात तुर्कीला तिसऱ्या स्थानावर नेणारा हा माणूस. आज नवं स्टेडियम त्यांच्याच नावाच्या क्रीडासंकुलात आहे.

२०११ बद्दल एक सूचना. त्या हंगामानंतर सामना-निश्चितीचं प्रकरण उभं राहिलं. तुर्कीच्या फुटबॉल महासंघाने फेनरबाहचेचं नाव चॅम्पियन्स लीगमधून मागे घेतलं, त्यांच्या जागी त्राब्झोनस्पोर खेळला, आणि पहिल्याच सामन्यात मिलानला जाऊन इंटरला १-० हरवून आला. लीगचं विजेतेपद मात्र फेनरबाहचेकडेच राहिलं. गावातल्या लोकांसाठी ही जखम ओली आहे. कोणी सांगू लागलं तर ऐका, आपण होऊन विषय काढू नका आणि वाद तर मुळीच घालू नका.

आता सामन्याचं. तुर्कीत वरच्या लीगच्या तिकिटासाठी पासोलिग नावाचं ओळखपत्र लागतं. परदेशी माणसाला ते पासपोर्टवर काढता येतं. हे काम घरूनच करा, सामन्याच्या दिवशी धावपळ नको. सामन्याचा नेमका वार आणि वेळ काही आठवडे आधीच जाहीर होतात, म्हणून परतीचं तिकीट सामन्याला चिकटून काढू नका. स्टेडियम शहराच्या पश्चिमेला आक्याझीत, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आहे. साधारण ४१ हजार लोक मावतात. किनाऱ्याचा रस्ता सामन्याआधी तुंबतो, तेव्हा दोन तास आधी निघा. पिवळा-निळा, पिवळा-लाल आणि काळा-पांढरा असे कपड्यांचे जोड त्या दिवशी टाळा, ते इस्तंबूलच्या तीन क्लबांचे रंग आहेत. मरून-निळा मफलर गावातच घ्या, थंडीलाही उपयोगी पडतो. आणि ६१ व्या मिनिटाला लक्ष ठेवा. ६१ हा त्राब्झोनच्या गाड्यांचा क्रमांक, त्या मिनिटाला सगळं स्टेडियम उठतं. मी गेलो तेव्हा पाऊस तिरका येत होता, तरी आमच्या रांगेत कोणी बसून राहिलं नाही.

इथेच ३० एप्रिल २०२२ ला अंताल्यास्पोरशी २-२ बरोबरी झाली आणि ३८ वर्षांनी लीग परत आली. प्रशिक्षक अब्दुल्लाह आव्जी, गोलरक्षक उगुरजान चाकीर, मधल्या फळीत स्लोव्हाकियाचा हामशिक. सातवं विजेतेपद. लोक मैदानात उतरले ते आवरलेच नाहीत. गावात कोणालाही त्या रात्रीबद्दल विचारा, मोबाइलमधले व्हिडिओ लगेच बाहेर येतात.

खाण्याची चंगळ आहे. हिवाळ्यात गेलात तर हामसी खाच. आपल्या मांदेलीच्या भावकीतला हा मासा मक्याच्या पिठात घोळवून गोल तव्यात तळतात. शाकाहारी मंडळींनी कुयमाक मागवावं. मक्याचं पीठ, भरपूर लोणी आणि तारा निघणारं चीज, सोबत जाड पाव. कोबीच्या सुपात कधी मांसाचं पाणी असतं, ते विचारून घ्या. आक्चाआबातचे कोफ्ते खायचे असतील तर ते गाव स्टेडियमच्या पुढेच आहे, दुपारी जेवून तसंच सामन्याला जाता येतं.

डोंगरकड्यावरच्या जुन्या ख्रिस्ती सुमेला मठासाठी वेगळा अख्खा दिवस ठेवा, सामन्याच्या दिवसात तो कोंबू नका. सामना रात्रीचा असेल तर सुटल्यावर पहिल्या गर्दीत डोलमुश मिळत नाही. अर्धा तास आत थांबा किंवा किनाऱ्याने शहराच्या दिशेने थोडं चालत जाऊन वाहन पकडा. चालणारे बरेच असतात, वाट चुकण्याची भीती नाही.