जुन्या पीसीसाठी हलकी फायरवॉल शोधली, माझा अनुभव

आमच्या घरी जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. आई त्यावर संध्याकाळी झूमवर भजनाचा क्लास करते. मागच्या वर्षी मी एक मोठा सिक्युरिटी पॅक टाकला, त्यातच फायरवॉल (नेटवरून पीसीत काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर) होती, आणि तेव्हापासून पीसी चालू करून ब्राउझर उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. वर सारखं विचारायचं, अमुक प्रोग्राम नेटवर जातोय, जाऊ देऊ का? आई घाबरून "नाही" दाबायची. एक दिवस झूमलाच "नाही" दाबलं गेलं आणि तिचा क्लास बुडला, फार वाईट वाटलं मला. त्याच रात्री तो पॅक काढून टाकला.

मग नीट वाचायला बसलो. विंडोजची स्वतःची फायरवॉल एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून, आपोआप चालूच असते आणि बाहेरून न विचारता आत येणारं कनेक्शन अडवते. घरच्या पीसीला बऱ्याचदा तेवढं पुरतं. पण आतून बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही, आणि मला तेच खटकत होतं कारण पीसीत फुकटची बरीच सॉफ्टवेअरं आहेत, कोण काय पाठवतंय कळायला मार्ग नाही. तिच्याच अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आउटबाउंड, म्हणजे बाहेर जाणारं, ब्लॉक करता येतं, ते करून बघितलं, पण मग एकेका प्रोग्रामचा रूल हाताने बनवत बसावं लागतं. दोन तासांत कंटाळलो.

शेवटी दोन नावं उरली, सिंपलवॉल आणि टायनीवॉल. दोन्ही फायरवॉल फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड कुणालाही बघता येतो), आणि हलकी असण्याचं कारण मला फार आवडलं: पॅकेट, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, अडवायचं काम व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून विंडोजमध्येच असलेलं फिल्टरिंग प्लॅटफॉर्म करतं, ही फक्त त्याला नियम देतात, विंडोजच्या आत स्वतःचा ड्रायव्हर (खोलवर चालणारा प्रोग्राम) घुसवत नाहीत. सिंपलवॉल आधी टाकलं, मला स्वतःला छान वाटलं, पण नवीन प्रोग्राम आला की ते विचारतं, म्हणजे आईसमोर परत तोच प्रश्न. नोटिफिकेशन बंद करता येतात, पण मग काय अडलंय ते मलाच शोधावं लागलं असतं.

टायनीवॉल विचारतच नाही. परवानगीच्या यादीत (व्हाइटलिस्ट) नसेल ते गप अडवतं, आणि सोडायचं असेल तर खाली घड्याळाजवळच्या आयकॉनमधून "विंडोने व्हाइटलिस्ट" निवडून त्या प्रोग्रामच्या खिडकीवर क्लिक करायचं, बास. झूम असंच सोडलं, ब्राउझरही. ऑटोलर्न मोडपण आहे, पण त्यात जे चालू असेल ते सगळंच यादीत जातं, त्यामुळे पीसी स्वच्छ असल्याची खात्री नसेल तर तो मोड अजिबात लावू नका, मी नाही लावला.

दुसऱ्या दिवशी वायफायचा प्रिंटर बंद! अर्धा तास केबल, राउटर सगळं तपासलं आणि मग लक्षात आलं की घरातल्या घरात जाणारं ट्रॅफिकसुद्धा अडतंय. त्याच मेनूत "अनब्लॉक लॅन ट्रॅफिक" आहे, त्यावर टिक केली आणि अडकलेली तीन पानं लगेच बाहेर आली. मग सेटिंगला पासवर्ड लावला आणि आईला एवढंच सांगितलं, "काही उघडलं नाही तर मला हाक मार, तू काही दाबू नकोस."