रेडकाच्या वाट्याचे दूध

मी दूध सोडले ही बातमी आमच्या गावात पसरली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले असेल, असे काहींना वाटले आणि मी कुठल्या तरी महाराजांचा अनुग्रह घेतला असेल, असे इतरांना. दोन्ही खरे नव्हते. आर्वी तालुक्यातील आमचे घर तीन पिढ्या म्हशी पाळणारे, आणि त्यामुळेच माझ्या निर्णयाचे कारण आमच्या गोठ्यातच होते.

मी सातवीत असताना आमच्या म्हशीला नर रेडकू, म्हणजे हल्या झाला. वगार झाली असती तर तिला जपले असते, कारण ती पुढे दुभती झाली असती. हल्याचा मात्र उपयोग म्हैस पान्हावेपर्यंतच. तो दोन चोखे घेई, की वडील त्याला ओढून खुंट्याला बांधत. अडीच-तीन महिन्यांत तो वाळत गेला आणि एका सकाळी मरून पडलेला दिसला. म्हैस दूध चोरू लागली तेव्हा त्याच्या कातड्यात कुटार भरून ते तिच्यासमोर ठेवले गेले. तिने ते चाटले आणि पान्हा सोडला. बादली माझ्या हातात होती. वडिलांना दोष देण्याचे धाडस मी आजही करत नाही, कारण डेअरीत दूध घालून आलेल्या पैशांतच माझ्या शाळेची फी, वह्या आणि एका वर्षी कपाशीचे बियाणेही भागले होते. परंतु म्हशीचे ते चाटणे मी विसरू शकलो नाही आणि गोठ्याचा कारभार माझ्याकडे आल्यावर त्याचा हिशेब मला नव्याने मांडावा लागला.

तो हिशेब साधा आहे. जनावर व्यायल्याशिवाय दूध देत नाही, म्हणजे गायीला नऊ महिने आणि म्हशीला दहा महिने गाभण राहावेच लागते, आणि होणाऱ्या पिलांपैकी जवळपास निम्मे नर असतात. पूर्वी गायीच्या गोऱ्ह्याला तरी घरात जागा होती. आमच्या भागातील गवळाऊ जात दुधापेक्षा चपळ ओढकामासाठीच नावाजलेली. नंदगवळी समाजाने ती पिढ्यानपिढ्या जोपासली, आणि वासराला पोटभर पाजून उरेल ते दूध आपले, असा निदान बोलण्यात तरी दंडक होता. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याचे काम गेले. संकरित गायीच्या गोऱ्ह्याची अवस्था त्याहून वाईट, कारण त्याला वशिंड जेमतेम असते आणि वैशाखाचे ऊन त्याला सोसत नाही. 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. बाजारात गिऱ्हाईक नाही आणि घरी चारा नाही, म्हणून मोकाट सोडलेले गोऱ्हे रात्री आमच्याच तुरीत शिरतात. रेडे त्या कायद्याबाहेर आहेत. आपला देश दूध उत्पादनात जगात पहिला आहे आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही आघाडीवर आहे, या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या वेळी वाचतो, पण त्या एकाच गोठ्यातून निघतात. मांस न खाणारा मी चहातल्या दुधापुरता त्या व्यवहारात भागीदार होतोच.

दूध, दही, तूप, मध, रेशीम, चामडे हे सारे वर्ज्य करणाऱ्या जीवनपद्धतीला ‘व्हीगन’ हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला, म्हणून हे परदेशी खूळ आहे, असे मला ऐकवले जाते. शब्द परदेशी आहे हे खरे. पण आमच्याच जिल्ह्यातील सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना 1912 मध्येच दूध सोडले होते. पुढे गंभीर आजारपणात त्यांनी कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचा शब्द राखला तरी त्याचा आत्मा गमावला, अशी खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. मला त्या व्रतापेक्षा ही खंत अधिक जवळची वाटते.

आईचा विरोध वेगळाच होता. “आता देवाच्या निवदालेही दूध नको म्हणशीन का बाप्पा?” असे तिने विचारले, आणि पहिले पंधरा दिवस माझा कोरा चहा तिने शेवटचा, तोही पार गार झाल्यावर, दिला. स्वयंपाकात मात्र फारसे काही बदलावे लागले नाही. ज्वारीची भाकर, झुणका, डाळकांदा, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, फोडणीचे तेल ओतलेला गोळाभात, या कशातच दूध नाही. खरे तर आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या बायकांचा चहा कायमच कोरा होता; फक्त त्यांना कुणी कारण विचारले नाही. आमचे सोयाबीन बाजारात जाते, त्याचे तेल निघते आणि उरलेली ढेप मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्या सोयाबीनमधले पायलीभर मी आता दुधासाठी घरी ठेवतो. ते रात्रभर भिजवून, वाटून, गाळून चांगले उकळावे लागते, नाहीतर उग्र वासही जात नाही आणि पचतही नाही. त्याचा चहा मला अजून आवडलेला नाही. शेंगदाण्याच्या दुधाचे दही मात्र कढीला चालते. एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही: बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. ते नैसर्गिक आहारातून भागते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. मी गोळी घेतो आणि वर्षातून एकदा तालुक्याला जाऊन रक्त तपासून येतो.

शहरातले काही व्हीगन मित्र विचारतात, की मग शेतात बैल आणि शेणखत कसे चालते? काटेकोर पाहिले तर ते चालत नाही. या विचाराच्या प्रचलित इंग्रजी व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी सवलत आहे, आणि सात एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा आधार घ्यावा लागतो. कातडी चप्पल सोडणे एका दिवसात जमले, पण जोडी विकायची म्हटली तर ती कुणाच्या हाती जाईल हे मला ठाऊक आहे. म्हणून जोडी आहे, आणि एक भाकड म्हैसही आहे, जी काही न देता रोज कुटार खाते. पोळ्याला बैलांचे खांदे मी दूध सोडल्यावरही तुपानेच शेकत असे. गेल्या वर्षी तीळतेल घेतले. आईने वाटी हातात घेऊन वास घेतला आणि काही न बोलता हळद त्यातच कालवली. थोरला बैल आता चौदा वर्षांचा झाला आहे. तो गेल्यावर दुसरा विकत आणायचा की धाकट्याला एकटाच ठेवून पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करायची, हे आमचे दोघांचे अजून ठरलेले नाही.