दार १४० किलोचं आणि स्प्रिंग ६० किलोची

गॅरेजची दारं बसवायचं काम करतो मी, माप घेण्यापासून शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत सगळं. एका घराचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

घरात काका आणि त्यांची मुलगी, मी त्यांना ताई म्हणतो. घराचं रिनोव्हेशन चालू होतं, हिशोब सगळा ताईंकडे, एक्सेलमध्ये, आणि खरंच व्यवस्थित ठेवलेला. दोन गाड्यांचं गॅरेज, दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, आडव्या चार भागांचं, एकेरी पत्र्याचं जुनं. त्यांना हवं होतं लाकडाचं, कारण घराचा दर्शनी भाग नवा करत होते आणि रस्त्यावरून बघितलं की निम्मी भिंत म्हणजे हे दारच.

मापाबद्दल जरा सांगतो, कारण बजेट इथेच ठरतं आणि लोक नेमकं इथेच घाई करतात. रुंदी-उंची घेतली की माप झालं असं बहुतेकांना वाटतं. मी रुंदी खाली, मधे, वर अशी घेतो, उंची पण तशीच तीन जागी, मग दोन्ही कर्ण ताणून बघतो, कर्णांत फरक आला तर चौकट काटकोनात नाही म्हणजे आधी सुताराचं किंवा गवंड्याचं काम निघणार. फरशी एका कोपऱ्यात खाली असेल तर दाराखालचं रबर थोडी फट झाकतं, त्यापुढे नाही झाकत. मग हेडरूम, म्हणजे दाराच्या वरच्या कडेपासून छत किंवा बीमपर्यंतची जागा. साध्या ट्रॅकला, म्हणजे दार ज्या रुळांवरून वर सरकत छताखाली जातं त्यांना, १२ ते १५ इंच लागते, यांच्याकडे बीम खाली उतरलेला होता, मिळत होते फक्त १० इंच. म्हणजे लो हेडरूमचा दुहेरी ट्रॅक आला, म्हणजे खर्च वाढला. बाजूला ट्रॅकसाठी चारेक इंच होते. आत मागे जागा पण भरपूर होती, छताला लावायच्या मोटरला ७ फुटी दारासाठी ११ फुटांच्या आसपास लागते. पण चौकटीची उभी फळी खालून पाण्याने कुजलेली, स्क्रू ड्रायव्हर दाबला तर आत गेला. ही गोष्ट जुनं दार उतरवल्याशिवाय पूर्ण दिसत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की दहा टक्के तरी बाजूला ठेवा, आणि जवळजवळ कोणीच ठेवत नाही.

आता स्प्रिंग. बाहेरच्या माणसाला वाटतं दार मोटर उचलते. दार उचलते ती दारावरच्या आडव्या दांड्यावरची, म्हणजे शाफ्टवरची, टॉर्शन स्प्रिंग, पीळ देऊन ताणलेली, ७ फुटी दाराला साधारण साडेसात वेढे. लिफ्टला जसं उलट वजन असतं तसं तिचं काम. स्प्रिंग बरोबर असेल तर मोटर सोडवून दार अर्ध्यावर नेऊन हात काढा, तिथल्या तिथे थांबतं. मोटरला फक्त ते हलवायचं असतं. पण स्प्रिंग निवडली जाते त्या दाराच्या वजनावरून, किलोत मोजून. दार बदललं, वजन बदललं, की जुनी स्प्रिंग त्या दारासाठी उपयोगाची राहत नाही. आयुष्य पण मोजूनच येतं, साधी स्प्रिंग १०,००० वेळा उघड-झाक या हिशोबाची असते. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षांच्या आतच, आठ वेळा धरलं तर साडेतीन. ज्या घरात लोक पुढच्या दाराऐवजी गॅरेजमधूनच ये-जा करतात तिथे आठ सहज होतात. जाड तारेची आणि लांब, जास्त आयुष्याची स्प्रिंग पहिल्याच वेळी घेतली तर वरचा खर्च फार नसतो, मजुरी तर तेवढीच.

हे सगळं ताईंना सांगितलं होतं. लाकडी छापाचा पत्र्याचा इन्सुलेटेड पल्ला पण दाखवला, तो खऱ्या लाकडाच्या निम्म्या वजनाचा असतो. मग ओळीओळीने कोटेशन दिलं: पल्ला, स्प्रिंग आणि शाफ्ट, ट्रॅक, चौकट, मोटर, वरचा वीज पॉइंट, जुनं दार उतरवणं. आमच्या ऑफिसात सेल्स बघणारा जो आहे त्याला हे अजिबात आवडत नाही. त्याचं म्हणणं एकच आकडा द्यायचा, ओळी दिल्या की गिऱ्हाईक त्या घेऊन दुसरीकडे फिरतं.

तेच झालं. माझी यादी घेऊन दुसऱ्या एकाने काम केलं, लाकडाचा पल्ला आणि नवी मोटर, जुनी स्प्रिंग आणि जुने ट्रॅक तसेच ठेवून. आकडा अर्थातच कमी आला. मग थोडे महिने गेले आणि काकांचा फोन आला की मोटर गुणगुणते पण दार जागचं हलत नाही, येता का.

गेलो. लाल दोरी ओढून मोटर सोडवायच्या आधी दाराखाली दोन्हीकडे लाकडी ठोकळे लावले, सवय आहे. मग काका आणि मी मिळून दार कमरेपर्यंत नेलं, आणि मी त्यांना म्हटलं, काका, सोडू नका, नुसता भार बघा किती येतोय ते. त्यांचे हात थरथरायला लागले. हळूहळू खाली ठेवलं. स्प्रिंगचा पीळ पूर्ण उतरवून, तो नेहमी योग्य लांबीच्या लोखंडी सळ्यांनीच उतरवायचा, स्क्रू ड्रायव्हर घालून केलं तर बोटं जातात, दाराच्या मधोमध वजनकाटा सरकवला. १४० किलो. शाफ्टवरची स्प्रिंग जुन्या पत्र्याच्या दाराची, साधारण ६० किलो पेलणारी. म्हणजे बाकीचे ८० किलो इतके महिने मोटर ओढत होती, शेवटी आतला गिअर खरवडून गेला. ट्रॅकची मागची टोकं पातळ अँगलने टांगलेली, दार उघडं असताना हाच भार डोक्यावर.

इथपर्यंत मला राग नव्हता आला, मोटर काय, बदलता येते. पण दाराच्या दोन बाजूंना जमिनीपासून ६ इंचांच्या आत जे सेन्सर हवेत, मधे कोणी आलं की दार उलटं फिरवणारे, ते खाली नव्हतेच. वर मोटरशेजारी एकमेकांकडे तोंड करून टेपने बांधून ठेवलेले. म्हणजे मोटरला कायम वाटणार की वाट मोकळी आहे. आणि मोटरचा जोर ठरवणारा स्क्रू पूर्ण फिरवलेला, कारण त्याशिवाय ते वजन उचललंच जात नव्हतं, पण तो पूर्ण फिरवला की दार काहीतरी दाबलं तरी लवकर मागे फिरत नाही. ज्या दाराखालून माणसं रोज जातात तिथे हे ज्याने केलं त्याला काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही, त्याला सगळं येत होतं, म्हणूनच त्याने ते वर बांधलं. याची मला आजही चीड येते.

नंतर ताईंनी एक्सेल उघडलं. त्यांनी ओळी का कापल्या हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "दादा, तुम्ही स्प्रिंग वेगळ्या ओळीत लिहिली होती. वेगळी ओळ म्हणजे ती वेगळी घेता येते किंवा सोडता येते असं मी समजले. आणि जुनी चालू होती ना."

यावर मला पटकन काही बोलता आलं नाही. कारण त्यांचं बरोबर आहे, फरशी, नळ, रंग, सगळ्या कोटेशनमध्ये ओळ म्हणजे तेच असतं. जुना नळ चालू असेल तर नवा नळ ही ओळ कापायची, शहाणपणच आहे ते.

तेव्हापासून विचार करतोय. एकच आकडा द्यायचा हे मला पटत नाही, मग समोरच्याच्या कोटेशनमध्ये काय गायब आहे ते गिऱ्हाईकाला कळायची सोयच राहत नाही. पण वजन पेलणाऱ्या सगळ्या गोष्टी, पल्ला, स्प्रिंग, शाफ्ट, दार ओढणारी केबल, ट्रॅक आणि ते टांगायचे अँगल, एकाच ओळीत यायला पाहिजेत असं आता मला वाटतं, आणि त्या ओळीत दाराचं वजन किलोत आणि स्प्रिंगचं आयुष्य किती वेळा ते लिहिलेलं असलं पाहिजे. काचेच्या खिडक्या, फोमची जाडी, शोभेच्या बिजागऱ्या, मोटर, या खऱ्या वेगळ्या ओळी. हो, मोटरसुद्धा. लोकांना ती सगळ्यात आधी हवी असते, पण तोल बरोबर असलेलं दार हाताने चालतं, मोटर पुढच्या वर्षी घेतली तरी काही बिघडत नाही, फक्त वरचा वीज पॉइंट छताचं काम चालू असतानाच काढून ठेवायचा.

यांचं काम तसंच केलं. पल्ला मापाप्रमाणे बनवलेला, तो परत जाणार नव्हता, मग त्याच्या वजनाच्या दोन स्प्रिंग, जाड ट्रॅक, मागे भक्कम अँगल, चौकटीची फळी नवी. मोटरची ओळ ताईंनी स्वतः पुढे ढकलली. सुरुवातीचा धक्का द्यायला लाकडाचं दार जडच जातं, पण अर्ध्यावर थांबतं, काका एकटे उघडतात.

सेल्सवाल्याला नवा नमुना दाखवला तर म्हणतो पहिलीच ओळ एवढी मोठी दिसली की गिऱ्हाईक पान उलटणार नाही. असेल तसं. माझं अडलंय चौकटीपाशी. कुजलेल्या फळीवर ट्रॅक बसवला तर वजन पेलणारी ओळ अपुरीच राहते, पण ते काम बहुतेक वेळा सुताराचं किंवा गवंड्याचं असतं, आणि माझ्या ओळीत घेतलं तर त्याची जबाबदारी पण माझी होते. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यातच घाला. अजून घातलेलं नाही.