शेट म्हणाले, ग्राइंडर कंपनीवर केस घाला

शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्यामुळे आमच्या ऑफिसात पण गर्दी, पेडण्या-डिचोलीची माणसं बाजार करता करता वकिलाकडे डोकावून जातात. त्यात एक सोनार शेट आले, मुलाला घेऊन. दुकान फोडलेलं, चोरांनी बॅटरीच्या ग्राइंडरने शटरचं कुलूप कापलं आणि पळताना मशीन तिथंच टाकलं. "वकीलबाब, चोर काय गावत नाय, पण कंपनीचं नाव मशीनवर छापलंय, घाला केस!"

म्हटलं शेट, मशीन कापायलाच बनवलंय आणि त्याने कापलं, मग दोष कुठला? 2019 च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाची जबाबदारी आहे खरी पण तिथे मालात दोष लागतो, आणि ग्राइंडर घेतला चोराने म्हणजे ग्राहक पण तोच. शेट जाम भडकले.

मग मुलगा म्हणाला, अमेरिकेत बंदूकवाल्यांनी पैसे भरले की. बरोबर आहे, सँडी हूक शाळेत 2012 साली 26 जण मारले गेले, त्यातल्या 9 कुटुंबांबरोबर 2022 मध्ये रेमिंग्टन या बंदूक कंपनीची 7 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. पण तिकडे 2005 च्या कायद्याने बंदूक कंपन्यांना असल्या दाव्यांपासून बरंचसं कवच दिलंय, ती केस तग धरून राहिली ती बंदुकीची जाहिरात कशी केली या मुद्द्यावर.

हे सांगता सांगता माझीच ट्यूब पेटली. शेट, कुलपाचा बॉक्स आहे? मुलाने घरी फोन करून फोटो मागवला. बॉक्सवर ठळक छापलेलं, कुठल्याही कटरने कापलं जाणार नाही. अहो मग भांडण ग्राइंडरवाल्याशी नाहीच, कुलूपवाल्याशी आहे!

अर्थात सोपं नाही. आपल्या ग्राहक कायद्याच्या कलम 84 मध्ये दिलेल्या हमीप्रमाणे माल नसला तर उत्पादक जबाबदार, पण त्याच कायद्यातल्या हानीच्या व्याख्येत वॉरंटी मोडल्यामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसान वगळलंय, एका हाताने दिलं दुसऱ्याने काढलं. वर कुलूप दुकानासाठी घेतलं म्हणून व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही म्हणतील, त्यावर स्वयंरोजगाराचा अपवाद दाखवायचा, शेट स्वतःच गल्ल्यावर बसतात. म्हणून चोरीची भरपाई मी मागे ठेवली आणि अनुचित व्यापारी प्रथा पुढे घेतली, नीट चाचणी न करता हमी दिली तर ती यात बसते.

संध्याकाळी नोटीस गेली. मागणी एकच ठेवली, कुठल्या कटरने, किती मिनिटं टेस्ट केली तो रिपोर्ट पंधरा दिवसांत द्या.