एक्स-२९ अ‍ॅड-ऑन, फ्लाइटगिअर: अस्थिरता जागेवर, कॅनार्ड ताब्यात

एक्स-२९ हे पुढे वळलेल्या पंखांचं प्रायोगिक जेट. फ्लाइटगिअर या फ्लाइट सिम्युलेटरसाठीच्या त्याच्या अ‍ॅड-ऑनच्या या आवृत्तीत बदल झालेत ते जेएसबीसिमच्या (विमानाच्या उड्डाणाचं गणित करणाऱ्या प्रोग्रामच्या) फ्लाइट मॉडेलमध्ये. थ्रीडी मॉडेल आणि आवाज जवळपास जुनेच आहेत. मूळ अ‍ॅड-ऑन दिसायला देखणं, पण उडायला साध्या ट्रेनर जेटसारखं. मॉडेलची एक्सएमएल फाइल उघडली की कारण लगेच दिसतं: सीजी (गुरुत्वमध्य) पुढे ओढून विमान स्थिर करून टाकलंय आणि कॅनार्डला (मुख्य पंखापुढच्या छोट्या हलत्या पंखाला) एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करण्याची, कमांड नुसती उलटी करून दिलीय. स्टिक सोडली की नाक आपोआप जागेवर येतं. एक्स-२९ बाबतीत असं होताच कामा नये.

ग्रुमनने अशी दोन विमानं बांधली. पहिलं १४ डिसेंबर १९८४ रोजी एडवर्ड्सवरून उडालं. नाकाचा भाग एफ-५ए चा, मुख्य चाकं एफ-१६ ची, इंजिन जीई एफ४०४. सबसॉनिक वेगात विमान सुमारे ३५ टक्के अस्थिर होतं, आणि तीन डिजिटल कॉम्प्युटर सेकंदाला ४० वेळा दुरुस्त्या करत म्हणून ते हवेत राहत होतं. मॉडेलमध्ये हे ३५ टक्के एकाच ठिकाणी घालायचे आहेत. बाकीची बरीचशी दुरुस्ती त्यातूनच निघते.

संदर्भ मापं अशी धरली आहेत: पंखाचं क्षेत्र १८५ चौरस फूट, स्पॅन २७.२ फूट, सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी) ७.२२ फूट. कॉर्डचे ३५ टक्के म्हणजे २.५३ फूट, साधारण ३० इंच. सीजी न्यूट्रल पॉइंटच्या (सीजी तिथे असेल तर विमान ना स्थिर ना अस्थिर) एवढा मागे हवा. इथे बहुतेक जण सीजी मागे सरकवतात आणि तो मुख्य चाकांच्या मागे जातो. मग विमान रनवेवर शेपटीवर बसतं. म्हणून सीजी चाकांच्या हिशोबाने ठेवायचा (चाकाच्या टेकण्यापासून सीजीपर्यंतची रेषा उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंश पुढे कललेली असावी) आणि फाइलीच्या मेट्रिक्स विभागातला एअरोआरपी (हवेच्या बलांचा संदर्भ बिंदू) सीजीच्या ३० इंच पुढे न्यायचा. जेएसबीसिम सगळी लिफ्ट एअरोआरपीवर लावतं, त्यामुळे अस्थिरता तिथूनच येते. त्यानंतर अल्फावर (पंख आणि येणारी हवा यांमधल्या कोनावर) अवलंबून असलेला पिचिंग मोमेंटचा (नाक वर-खाली फिरवणाऱ्या बलाचा) जुना टेबल शून्य करायलाच हवा. तो राहिला तर एक तर दुप्पट अस्थिरता मिळते, नाहीतर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि विमान पुन्हा गरीब गाय होतं.

याच नियमाची दुसरी बाजू बऱ्याच फाइलींमध्ये सुटलेली असते. कॅनार्डची लिफ्ट वेगळं फंक्शन म्हणून लिहिली तरी जेएसबीसिमला तो पृष्ठभाग पुढे आहे हे ठाऊक नसतं. तीही एअरोआरपीवरच लागते. कॅनार्ड फिरवल्याने येणारा मोमेंट पिच अक्षात स्वतंत्र लिहावा लागतो. नाहीतर कॅनार्ड फिरतो, विमान थोडं वर उचललं जातं, पण नाक हलत नाही.

सुपरसॉनिक झाल्यावर लिफ्टचं केंद्र मागे जातं आणि खरं विमान जवळजवळ न्यूट्रल होत असे. यासाठी एअरोडायनॅमिक्स विभागात एअरो-रेफ-पॉइंट-शिफ्ट-एक्स हे फंक्शन आहे. त्याची किंमत इंचांत नसते, कॉर्डच्या अपूर्णांकात असते आणि धन म्हणजे मागे. माख ०.८ पर्यंत ०, माख १.२ ला ०.३३, मधे सरळ उतार. इथे कोणी ३० लिहिलं तर केंद्र दोनशे फुटांहून जास्त मागे जातं.

कंट्रोल लॉला (स्टिकवरून कॅनार्ड कसा हलवायचा ते ठरवणाऱ्या गणिताला) हात लावण्याआधी उघडं, म्हणजे फीडबॅक नसलेलं, विमान तपासा. जेएसबीसिम एकटं चालवून, कॅनार्ड ट्रिमच्या जागी अडकवून, अल्फाला एक अंशाचा धक्का द्या आणि नोंदींच्या सीएसव्ही फाइलीत तो दुप्पट व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. खऱ्या विमानाचा सर्वांत वाईट आकडा साधारण ०.१५ सेकंद आहे. तो कमी उंचीवरच्या जास्त वेगाचा. लँडिंगच्या वेगाला डायनॅमिक प्रेशर कमी असल्याने हा वेळ आपोआप लांबतो. जास्त वेगातही अर्धा सेकंद लागत असेल तर आधी आयवायवाय (पिचमधलं जडत्व) तपासा. तो फुगवलेला असतो, कारण मूळ कर्त्याने डोलणं थांबवायला तोच सोपा उपाय केलेला असतो.

आता कॅनार्ड. फिरण्याची मर्यादा वर ३० आणि खाली ६० अंश, म्हणजे क्लिपटूमध्ये (मर्यादा घालणाऱ्या टॅगमध्ये) ०.५२४ आणि उणे १.०४७ रेडियन. स्टिक मागे ओढली की एलिव्हेटर कमांड ऋण येते, तर कॅनार्डला नाक वर करायला धन कोन हवा. म्हणून गेन (कमांडचा गुणक) उणे. स्थिर विमानात चिन्ह चुकलं तर स्टिक उलटी वाटते, एवढंच. इथे फीडबॅकचं चिन्ह चुकलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत विमान उलटं होतं.

अ‍ॅक्च्युएटरमध्ये (कॅनार्ड हलवणाऱ्या यंत्रणेत) दोन सापळे आहेत. लॅगची (उशिराची) किंमत सेकंदात नसते, टाइम कॉन्स्टंटच्या व्यस्तात असते: ०.०५ सेकंद हवा असेल तर २० लिहायचं. ०.०५ लिहिलं तर टाइम कॉन्स्टंट वीस सेकंदांचा होतो, आणि मग कितीही गेन वाढवला तरी विमान सावरत नाही. रेट लिमिटही सिग्नलच्याच एककात हवं. सिग्नल रेडियनमध्ये असेल तर सेकंदाला १०० अंश म्हणजे १.७४५, तिथे १०० लिहिलं तर मर्यादा नसल्यासारखीच.

फ्लाइटगिअरमध्ये मॉडेल मुळात १२० हर्ट्झवर चालतं. पिच चॅनलला एक्झेकरेट ३ (दर तिसऱ्या फेरीला चालणं) दिला की लॉ ४० हर्ट्झवर येतो. अ‍ॅक्च्युएटर मात्र वेगळ्या चॅनलमध्ये पूर्ण वेगाने चालू द्या, नाहीतर कॅनार्ड पायऱ्या-पायऱ्यांनी हलताना बाहेरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतो. ०.१५ सेकंदात ४० हर्ट्झचे जेमतेम सहा हप्ते बसतात, त्यामुळे गेन १२० हर्ट्झवर जुळवून नंतर दर कमी केला तर नाक थरथरायला लागतं. आधी दर ठरवा, मग गेन.

लॉ साधा आहे: स्टिकमधून पिच रेटची मागणी, क्यूशी (प्रत्यक्ष पिच रेटशी) तुलना, पीआय (फरक आणि त्याची साचत जाणारी बेरीज यांवर चालणारा नियंत्रक), वर थोडा अल्फा फीडबॅक. गेन डायनॅमिक प्रेशरच्या व्यस्त प्रमाणात. समुद्रसपाटीला १५० नॉटला ७६ पीएसएफ (पौंड प्रति चौरस फूट), ३०० नॉटला ३०५, ५०० नॉटला ८४६. म्हणून शेड्यूल्ड गेनच्या टेबलात अनुक्रमे १, ०.२५ आणि ०.०९. सगळीकडे एकच गेन ठेवला तर टेकऑफ छान होतो आणि ४०० नॉटच्या पुढे विमान स्वतःलाच फेकून देतं.

जमिनीवर इंटिग्रेटर (पीआयमधला बेरीज साचवणारा भाग) बंद हवा. चाकं टेकलेली असताना नाक फिरत नाही, एरर साचत जाते, कॅनार्ड टोकाला जाऊन बसतो आणि चाकं सुटताच विमान उभं राहतं. पीआयडीच्या ट्रिगरला मुख्य चाकांच्या डब्ल्यूओडब्ल्यूवरून (चाकांवर वजन आहे की नाही या संकेतावरून) स्विच जोडा: टेकलेलं असताना उणे १ (इंटिग्रेटर शून्यावर येतो), हवेत ०.

इंजिनात मिलथ्रस्ट (आफ्टरबर्नरशिवाय) १०,६०० आणि मॅक्सथ्रस्ट (आफ्टरबर्नरसह) १६,००० पौंड. ऑगथ्रस्टचा टेबल मॅक्सथ्रस्टलाच गुणतो, म्हणून समुद्रसपाटी, माख शून्यची नोंद १.० हवी. मूळ फाइलीत १.५१ होती, म्हणजे २४,००० पौंडांहून जास्त थ्रस्ट. विमान रॉकेटसारखं का चढायचं ते यातून कळलं. एटीएसएफसी (आफ्टरबर्नरमध्ये दर पौंड थ्रस्टला तासाला लागणारं इंधन) १.८ धरलं तर रनवेवर पूर्ण आफ्टरबर्नरला तासाला २८,८०० पौंड जळतात, ४,००० पौंड इंधन आठेक मिनिटांत संपतं.

हाय अल्फाचे टेबल ३० अंशांवर थांबत होते. जेएसबीसिम टेबलच्या बाहेर शेवटचीच किंमत धरून ठेवतं, त्यामुळे ३१ आणि ६० अंशांत फरकच पडत नव्हता. आता ते ७० पर्यंत आहेत, कारण दुसरं विमान ४५ अंशांवर ताब्यात राहिलं होतं आणि क्षणभर ६७ पर्यंत गेलं होतं. फ्लॅपेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या फ्लॅप आणि एलेरॉन दोन्हीचं काम करणाऱ्या पृष्ठभागांची) रोल-शक्ती ३० अंशांवर शून्य करणारा टेबल मागे वळलेल्या पंखाच्या जेटवरून उचललेला होता. पुढे वळलेल्या पंखात स्टॉल मुळाशी सुरू होतो आणि टोकाकडचा प्रवाह जास्त वेळ टिकतो. रोल-शक्ती उतरते, पण हळूहळू. स्पिन पॅराशूटची जोडणी दुसऱ्या विमानावरच होती, तेव्हा ८२-०००३ ची (पहिल्या विमानाची) रंगसंगती लावली असेल तर शेपटीवरचा तो भाग लपवायला हवा.

चाकांच्या स्प्रिंगसाठी: १७,६०० पौंडांपैकी प्रत्येक मुख्य चाकावर सुमारे ७,७००. अर्धा फूट दबावं असं धरलं तर स्प्रिंग १५,४०० पौंड प्रति फूट, डॅम्पिंग १,५०० ते १,९००.

उरलेलं काम फ्लॅपेरॉनच्या ऑटो-कॅम्बरचं (पंखाचा बाक आपोआप बदलण्याचं). सध्या उणे १० ते अधिक २५ अंशांत ते अल्फा आणि माखवरून सरकतात, पण कॅम्बर बदलताना पिचमध्ये जो धक्का बसतो तो कॅनार्ड उशिरा सावरतो. कॅम्बर कमांडमधूनच कॅनार्डला आगाऊ सिग्नल देणारा समर (सिग्नलांची बेरीज करणारा घटक) पुढच्या आवृत्तीत येईल, आणि त्यासोबत मागच्या स्ट्रेक फ्लॅपचं अ‍ॅनिमेशनही. ते मॉडेलमध्ये आधीपासून आहेत, फक्त कोणत्याही प्रॉपर्टीला जोडलेले नाहीत.