मिलानचं शून्य

आमच्या फोन डिरेक्टरीत पुणे ऑफिसचा एकच नंबर चार तऱ्हांनी लिहिलेला होता. कुठे ०२० लावून, कुठे +९१-२०, कुठे नुसतेच आठ आकडे, आणि एका ठिकाणी ‘नंबर तोच, एक्स्टेन्शन २१४’. नाशिकवाल्यांनी तर ०२५३ लिहायचं कधी मनावरच घेतलं नव्हतं. सात आकडे म्हणजे नाशिक, त्यात काय सांगायचं! नव्या सिस्टिममध्ये नावावर क्लिक केलं की फोन लागायला हवा होता. त्यासाठी सगळे नंबर एका साच्यात हवे: अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर. कंस नाही, रेघ नाही, आकडे फार तर १५. काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

एक्सेलने आधीच हात साफ केला होता. सुरुवातीची शून्यं गिळलेली, आणि ९१ लावलेले मोबाइल ‘९.१९ई+११’ असे दिसत होते. कुणीतरी फाइल तशीच सीएसव्हीत, म्हणजे दिसतं तेवढंच साठवणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत, सेव्ह केलेली; मागचे आकडे कायमचे गेले. त्या लोकांना एकेक गाठून नंबर विचारत फिरलो.

मग सगळे नंबर त्या साच्यात आणणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. लंडनच्या नंबरांत +४४ नंतर कंसात शून्य असायचं. परदेशातून लावताना ते चालत नाही, म्हणून ‘देशाच्या कोडनंतरचं शून्य उडव’ असा सरसकट नियम घातला. भारतालाही तो लागू पडला. शुक्रवारी संध्याकाळी स्क्रिप्ट चालवली, चार-पाच नंबर लावून बघितले आणि घरी गेलो. (शुक्रवारी संध्याकाळी असलं काही करू नये, हे मला तेव्हाही माहीत होतं.)

सोमवारी सकाळी अकाउंट्समधून ओरड: मिलान लागत नाही. तिथले मोबाइल लागत होते, लँडलाइन एकही नाही. तासभर मी नेटवर्कवाल्यांना धारेवर धरलं. शेवटी टेलिफोन बोर्डावरच्या काकूंनी खणातून जुनी वही काढली. मिलानच्या पानावर +३९ पुढे ०२, आणि त्या शून्याभोवती लाल पेनाचा गोल.

“हे काढायचं नाही हं. मागे मीही काढून बघितलंय.”

इटलीत १९९८ पासून ते शून्य नंबरचाच भाग आहे, बाहेरून लावतानाही ठेवावं लागतं. तिथले मोबाइल ३ ने सुरू होतात, म्हणून तेवढे माझ्या तावडीतून सुटले होते.

नियम देशवार केला, मिलान बॅकअपमधून परत आणलं, नेटवर्कवाल्यांना चहा पाजला. काकूंच्या वहीत लाल गोल आणखी दोन ठिकाणी होते. ते कशाचे हे आधी त्यांना विचारलं, मगच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. मंगळवारी.