करप्याला साखर कोण देतं?

काल सकाळी येळ्ळूर शिवारात बाबांबरोबर भात बघायला गेलो होतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी ओसरून पंधरा दिवस झाले आणि आता पानांच्या कडा पिवळ्या पडून शेंड्याकडनं खाली वाळत आल्यात. बाबा म्हणाले, युरिया कमी पडला बघ, अजून एक पोतं टाकूया. मी म्हटलं बाबा जरा थांबा, आणि एक पान कापून ग्लासातल्या पाण्यात उभं केलं, थोड्या वेळानं कापलेल्या तोंडातनं पांढुरकं, धुरासारखं काहीतरी पाण्यात उतरायला लागलं. कडा करपाच! म्हणजे जिवाणूचा रोग. आणि युरिया वाढला की हा अजून माजतो.

पहाटे पानाच्या कडेला जे थेंब दिसतात ना, ते सगळं दव नसतं, पानातनंच बाहेर आलेलं पाणी असतं, आणि त्याच बारीक छिद्रांतनं किंवा वाऱ्यापावसानं पान फाटलं की तिथनं हा झँथोमोनास नावाचा जिवाणू आत शिरतो. पण नुसतं आत शिरून भागत नाही. त्याच्याकडं एचआरपी नावाचे जीन्स आहेत, त्यांच्या जोरावर तो सुईसारखी नळी बनवून भाताच्या पेशीत आपली प्रोटीनं टोचतो. हे जीन्स बिघडवले तर जिवाणू जगतो पण रोग करू शकत नाही. टोचलेल्यातली काही प्रोटीनं, त्यांना टॅल म्हणतात, थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन भाताच्याच डीएनएवर ठराविक जागी बसतात आणि स्वीट नावाचा जीन चालू करतात, ज्याचं काम साखर पेशीबाहेर सोडायचं, आणि तीच साखर ह्या जिवाणूला मिळते. आपल्याच घरात घुसून आपल्याच माणसाकडनं पान वाढून घ्यायचं, तसं हे. टॅल डीएनएवरची नेमकी जागा कशी ओळखतं ते कोडं २००९ साली सुटलं, मला तर हे वाचून रात्रभर झोप नव्हती.

काही भातांत स्वीट जीनच्या आधीचा डीएनएचा तुकडाच वेगळा असतो, टॅलला बसायला जागाच मिळत नाही, जीनच्या ह्या करपा रोखणाऱ्या रूपाला एक्सए१३ म्हणतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हा, एक्सए५ आणि आफ्रिकेतल्या रानटी भाताकडनं आलेला एक्सए२१, असे करपा रोखणारे तिन्ही जीन्स सांबा मसुरी ह्या भाताच्या वाणात संकर करून आणले, २००८ मध्ये ते वाण बाहेर आलं. आमच्या बेळगाव बासमतीतही हे तिन्ही यावेत असं मला फार मनापासनं वाटतं, कारण पिकात शिरलेल्या करप्याला औषध मारून पुरं पडत नाही.

बाबांनी युरियाचं पोतं परत खोलीत ठेवलंय. आज संध्याकाळी खालच्या शेतातल्या काकांना पण ग्लास दाखवायला जाणार आहे, त्यांच्या बांधावर पोती कालच येऊन पडल्यात.